पियानोतलं बीड आणि त्याचे स्क्रू

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि विषय सांगितला ‘इतिहास’. आता आपल्या सोसायटीचा इतिहास म्हणजे प्लॉट कसा मिळाला, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, पहिल्या उन्हाळ्यात टँकरसमोर रांगा कशा लागल्या, हे सांगणारे माझ्यापेक्षा जाणते सभासद या अंकात आहेत. म्हणून मी एका वस्तूचा इतिहास सांगायचं ठरवलं. ती वस्तू आपल्या सभागृहात खिडकीजवळ, जुन्या चादरीखाली उभी आहे. आपला पियानो.

‘बी’ विंगमधल्या संगीतशिक्षिकाबाईंनी मुलाकडे कायमच्या राहायला जाताना तो सोसायटीला दिला, हे बहुतेकांना माहीत आहे. सोसायटीतली आठ-दहा मुलं त्यावर शिकली, काही अजून शिकतात. पण गेली दोन वर्षं तो सूर धरत नाही, मधल्या काही पट्ट्या दाबल्या की झणझण असा आवाज येतो, अशा तक्रारी आल्या. त्यात सभागृहात खुर्च्या मांडायला जागा कमी पडते. तेव्हा ‘पियानोची विल्हेवाट लावणे’ हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आला आहे. ज्या वस्तूबद्दल हात वर करायचा, ती आतून काय आहे हे सभासदांना ठाऊक असावं, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या पिढीने पियानो पहिल्यांदा पाहिला तो सिनेमात. १९४९ सालच्या ‘अंदाज’मध्ये पियानोपुढे बसलेला दिलीपकुमार ज्यांना आठवतो, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. श्रीमंताचा बंगला, जिना, झुंबर आणि पियानो. त्यामुळे ही एक नाजूक, शोभेची वस्तू आहे असा आपला समज झाला. प्रत्यक्षात पियानो हे घरात येणाऱ्या वस्तूंपैकी सर्वात जास्त ताण सोसणारं यंत्र असेल. तंबोऱ्याला चार तारा असतात. पियानोला सुमारे २३०. एकेका तारेचा ओढा साधारण ७५ ते ९० किलोचा. सगळ्यांची बेरीज केली तर १८ ते २० टन भरते. म्हणजे वाढ झालेले चार हत्ती रात्रंदिवस त्या पेटीला दोन टोकांनी आत ओढत असतात. कोणी वाजवत असो वा नसो, चादर घातलेली असो वा नसो, हा ओढा चालूच असतो.

मग ती पेटी दुमडत कशी नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला दीडशे वर्षं लागली. त्याचा हा इतिहास.

लाकडाची पेटी

पियानो घडवला इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने. हा मूळचा पदुआचा, फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यातल्या राजपुत्र फर्दिनांदोच्या पदरी वाद्यांची देखभाल करायला होता. १७०० सालच्या तिथल्या वाद्यांच्या यादीत ‘हळू आणि मोठ्याने वाजणारं’ असं एक नवं वाद्य नोंदलेलं आहे. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई, त्यामुळे बोट हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर आपटून लगेच मागे येणारी हातोडी बसवली. इटालियनमध्ये हळू म्हणजे ‘पियानो’ आणि जोरात म्हणजे ‘फोर्ते’, त्यावरून नाव पडलं. त्याने केलेल्या वाद्यांपैकी तीन आजही आहेत, १७२०, १७२२ आणि १७२६ सालची. ती न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग इथल्या संग्रहालयांत ठेवली आहेत.

या माणसाची एक गोष्ट मला फार आवडली. तारांचा ओढा आणि साउंडबोर्ड, म्हणजे आवाज वाढवणारी पातळ लाकडी फळी, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायला हव्यात हे त्याने ओळखलं होतं. फळीवर ओढा आला की ती मोकळेपणाने थरथरणार नाही. म्हणून त्याने पेटीच्या बाहेरच्या भिंतीच्या आत आणखी एक वेगळी भिंत घातली. ओढा एकीने घ्यायचा, फळी दुसरीने धरायची. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून अशी स्पष्ट होती.

पण हे सगळं लाकूड होतं, आणि वाद्य चार-साडेचार सप्तकांचं, बारीक तारांचं होतं. पुढच्या शंभर वर्षांत मागणी वाढली. दरबाराच्या खोलीतून संगीत तिकीट लावलेल्या मोठ्या सभागृहात आलं. मागच्या रांगेलाही ऐकू जायला हवं, म्हणून तारा जाड झाल्या, जास्त आवळल्या जाऊ लागल्या. लंडनच्या ब्रॉडवूड कंपनीने १८१७ साली बेथोवनला पियानो भेट पाठवला, तो सहा सप्तकांचा होता. पुढे फ्रान्झ लिस्टच्या कार्यक्रमांत तारा तुटणं ही नेहमीची गोष्ट झाली. लाकडाची पेटी हा ओढा किती दिवस सोसणार? ती वर्षानुवर्षं हळूहळू पिळवटत जाई, एक कोपरा वर उचलला जाई. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटाचं दार फुगून बसतं, तसंच. फरक एवढाच की इथे कित्येक टनांचा ओढा जोडीला.

कारागिरांनी उपाय केले. हातोड्या जिथून वर येतात तिथे मोठी फट असते, तोच पेटीचा सगळ्यात कच्चा भाग. तिथे लोखंडाचे आधार घातले. १८२० मध्ये लंडनला स्टोडार्टच्या कारखान्यातल्या ॲलन आणि थॉम या दोघांनी तारांच्या वर धातूच्या नळ्यांची चौकट बसवली. पितळी तारांवर पितळी नळ्या, लोखंडी तारांवर लोखंडी. हवा तापली की तार आणि नळी सारख्याच प्रमाणात वाढाव्यात आणि सूर उतरू नये, असा त्यामागचा विचार. याच दशकात ब्रॉडवूडनेही लोखंडी पट्ट्या घालायला सुरुवात केली. पण हे सारे ठिगळाचे उपाय होते. पेटी लाकडाचीच, फक्त तिला लोखंडाच्या कुबड्या.

बोस्टनची हवा

खरा बदल युरोपात झाला नाही, अमेरिकेत झाला, आणि त्याचं कारण केवळ मोठा आवाज हे नव्हतं. कारण होतं हवा. लंडनहून बोटीने आलेला पियानो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर टिकत नसे. उन्हाळ्यात दमट उकाडा, हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि घरात शेगडी पेटवल्यामुळे आलेला कोरडेपणा. लाकूड फुगायचं, आटायचं, सरस सुटायचा, पेटी पिळवटायची. ठाण्या-मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

१८२५ मध्ये बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉक याने एकसंध ओतलेल्या लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. ओतलेलं लोखंड म्हणजे आपलं बीड, ज्याचा डोशाचा तवा करतात तेच. बॅबकॉकची चौकट त्या काळच्या चौकोनी, टेबलासारख्या पियानोसाठी होती. त्याच शहरातल्या जोनास चिकरिंगने ती कल्पना पुढे नेली. हा माणूस मूळचा लाकडी सामान करणारा सुतार. १८४० मध्ये त्याने चौकोनी पियानोच्या आणि १८४३ मध्ये मोठ्या ग्रँड पियानोच्या बिडाच्या चौकटीचं पेटंट घेतलं. तारा आता एका टोकाला बिडावर अडकवायच्या, दुसऱ्या टोकाला खुंट्यांच्या फळीवर, आणि ती फळीसुद्धा बिडाला टेकलेली. ओढा घ्यायचा बिडाने, वाजायचं लाकडाने. क्रिस्तोफोरीची कामाची वाटणी शेवटी पक्क्या धातूत उतरली.

इथे एक प्रश्न पडतो. बीड ठिसूळ. आपल्या आजीच्या हातून बिडाचा तवा फरशीवर पडला की तडा जायचा, हे आपण पाहिलं आहे. मग चार हत्तींच्या ओढ्यापुढे असं ठिसूळ लोखंड कसं चाललं? कारण बिडाचा स्वभाव. त्याला दाबलं तर ते प्रचंड भार सोसतं, पण वाकवलं किंवा ताणलं तर पटकन तुटतं. पियानोत तारा दोन्ही टोकं एकमेकांकडे ओढतात, म्हणजे मधली चौकट दाबली जाते. जे काम बिडाला जमतं, नेमकं तेच त्याला दिलं. मात्र एक अट राहिली. चौकट लाकडावर सर्व बाजूंनी नीट बसलेली हवी. एका ठिकाणी पोकळी राहिली आणि तिथे ती जोराने खाली ओढली, की ती वाकणार. वाकली की तडा.

१८५३ साल

१८५३ साल ठाणेकरांच्या पाठ आहे. १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. त्याच वर्षी तीन पियानो कंपन्या सुरू झाल्या, ज्यांची नावं आजही जगात पहिल्या ओळीत आहेत: न्यूयॉर्कला स्टाइनवे, बर्लिनला बेखश्टाइन आणि लाइपझिगला ब्ल्यूथनर. हा योगायोग असला तरी काळ एकच होता. लोखंड ओतायची, पोलाद ओढायची विद्या हाती आली होती. रुळांना, पुलांना, इंजिनांना जे लोखंड लागत होतं, तेच आता दिवाणखान्यात शिरलं. तारांचंही तेच. बर्मिंगहॅमच्या ज्या कंपनीने पियानोसाठी मजबूत पोलादी तार काढली, त्याच वेबस्टर अँड हॉर्सफॉलची तार १८६६ मध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलला गुंडाळली होती.

स्टाइनवे घराणं मूळचं जर्मनीतलं. १८५९ मध्ये त्यांनी ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे तारा लांब झाल्या, आवाज भरदार झाला, आणि ओढाही वाढला. तो पेलायला बिडाची चौकट होतीच. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात स्टाइनवे आणि चिकरिंग या दोन्ही अमेरिकी कंपन्यांना सुवर्णपदकं मिळाली, तेव्हा युरोपचे डोळे उघडले.

तोवर जुन्या मंडळींचा आक्षेप होता की लोखंडाने आवाज बिघडतो, पातळ आणि धातूसारखा होतो. त्यात काही तथ्यही होतं. जुन्या लाकडी पियानोचा नाजूक आवाज आवडणारे रसिक आजही आहेत. पण लंडनच्या ब्रॉडवूडने, पॅरिसच्या एरारने नव्या पद्धतीची बांधणी पत्करायला उशीर केला, आणि तेवढ्यात जगाची बाजारपेठ जर्मन आणि अमेरिकी कंपन्यांकडे गेली. १८८० च्या दशकात ८८ पट्ट्यांचं प्रमाण रुळलं. त्यानंतर पियानोच्या सांगाड्यात मूलभूत बदल झालेला नाही. आज आपण पाहतो तो पियानो सव्वाशे वर्षांपूर्वीचाच आहे.

तो आपल्याकडे बोटीनेच आला. मुंबईत फुर्टाडोजसारखी पेढी १८६५ पासून वाद्यं विकते आहे. इंग्रज अधिकारी, पारशी कुटुंबं, चर्च, कॉन्व्हेंट शाळा, गोव्याहून आलेले वादक आणि पुढे सिनेमाचे स्टुडिओ, हे त्याचे इथले आश्रयदाते. युरोपातले कारखानदार ‘उष्ण प्रदेशासाठी खास बांधणी’ अशी जाहिरात करत. त्या बांधणीतला एक भाग म्हणजे नुसत्या सरसावर विसंबून न राहता सांधे स्क्रूने आवळायचे. सरस आपल्या दमट हवेत दगा देतो, स्क्रू देत नाही. निदान लगेच देत नाही.

बीड आणि लाकूड यांच्यामधला माणूस

आता मूळ मुद्द्यावर येतो. बिडाची चौकट आली म्हणजे प्रश्न कायमचा सुटला, असं पुस्तकं वाचून वाटतं. तो सुटला नाही, तो लहान होऊन स्क्रूमध्ये जाऊन बसला.

चौकट हवेत लटकत नाही. ती लाकडावर बसते आणि काठाने ओळीने घातलेल्या मोठ्या स्क्रूंनी धरली जाते. आपल्यासारख्या उभ्या पियानोत मागे जाड लाकडी खांब असतात. चौकटीच्या वरच्या भागातले लांब, जाडजूड स्क्रू खुंट्यांच्या फळीतून त्या खांबांपर्यंत जातात. बाकीचे खाली आणि कडेला. ग्रँड पियानोत काठाचे बोल्ट असतात, आणि मधोमध काही बोल्ट खालून चौकटीला आधार देतात, त्यांच्यावर घुमटासारखा नट असतो.

बीड हवेतल्या दमटपणाने फुगत नाही, लाकूड फुगतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ते स्क्रूच्या डोक्याखाली चेपलं जातं. कोरड्या दिवसांत ते आटतं, पण चेपलेलं लाकूड पूर्ववत होत नाही. मग तिथे केसाएवढी फट राहते. असे दहा-वीस पावसाळे गेले की जो स्क्रू कारखान्यातून घट्ट आला होता तो नुसता बसलेला असतो, आवळलेला नसतो. नव्या पियानोतही पहिल्या काही वर्षांत लाकूड बसतं तेव्हा हेच होतं. परिणाम काय? चौकट आणि फळी यांच्यात किंचित हालचाल सुरू होते, सूर टिकत नाही, कुठेतरी झणझण येते.

म्हणून जाणता कारागीर सूर लावायच्या आधी हे स्क्रू पाहतो. आधी, कारण स्क्रू आवळला की ओढ्याची वाटणी बदलते आणि लावलेला सूर हलतो. शक्यतो कोरड्या दिवसांत पाहतो, कारण पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात ढिला स्क्रूही घट्ट लागतो. एका बाजूने सुरू करून एकाच दमात आवळत नाही. सगळीकडे थोडं थोडं, पुन्हा फेरी. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे जोर लावत नाही. जोर लावला तर दोनपैकी एक होतं. लाकडातली आटी झिजते आणि स्क्रू नुसताच फिरू लागतो, किंवा चौकट पोकळ जागी ओढली जाऊन तडकते. आटी झिजली तर उपाय आहे, भोकात कठीण लाकडाची खुंटी ठोकून पुन्हा आटे पाडता येतात. बीड तडकलं तर जवळजवळ उपाय नाही. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही, आणि धरलं तरी त्यावर पुन्हा १८ टन टाकायचा धीर कोणाला होणार? तडकलेल्या चौकटीचा पियानो बहुधा भंगारातच जातो.

ग्रँड पियानोतल्या त्या मधल्या नटांबद्दल तर कारागीर फारच जपून बोलतात. तो बोल्ट ज्या उंचीवर ठेवला आहे त्याच उंचीवर चौकट टेकलेली हवी. न मोजता वरचा नट आवळला तर चौकट खाली वाकते. ढिला दिसला म्हणून आवळला, असा उत्साह तिथे महागात पडतो.

बँकेत असताना आम्ही म्हणायचो, कर्ज मंजूर करणं हे एका दिवसाचं काम, पाठपुरावा वर्षानुवर्षांचा. बॅबकॉक आणि चिकरिंग यांची नावं पेटंटच्या कागदावर आहेत. ज्यांनी गेली दोनशे वर्षं घरोघर जाऊन त्यांच्या चौकटी आवळल्या, त्यांची नावं कुठेच नाहीत. पण ते आले नसते तर बॅबकॉकचं बीड एव्हाना कुठेतरी झणझणत पडलं असतं.

आपल्या सभागृहात

गेल्या फेब्रुवारीत समितीच्या परवानगीने मी मुंबईहून एका कारागिराला बोलावलं. सत्तरीला आलेले गृहस्थ, सोबत एक पिशवी. त्यांनी आधी वरचं झाकण उघडलं, मग समोरची वरची फळी आणि खाली पायाजवळची फळी काढली. मुलं गोळा झालीच. आत सोनेरी चौकट चमकली तसं एकाने विचारलं, “काका, हे सोन्याचं आहे?”

“नाही रे, वरून रंग दिलाय,” ते म्हणाले. “आतून तुझ्या आजीचा तवा आहे.”

त्यांनी लगेच हत्यार काढलं नाही. टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं नुसती चौकट पाहिली. खुंट्यांच्या आसपास, आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या सांध्यांवर, बोटांनी चाचपत. तडा शोधत होते. तडा नव्हता. मग लांब मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि एकेक स्क्रू फिरवून पाहिला. बहुतेक स्क्रू पाव फेरा आत गेले, काही अर्धा. आपले सेक्रेटरी शेजारी उभे होते. ते म्हणाले, “अहो, जोर लावून एकदाचे पक्के करून टाका ना.”

“साहेब, एकदाचं असं काही नसतं,” कारागीर म्हणाले. “स्क्रू बसला की मनगटाला कळतं. त्याच्या पुढे गेलो तर तुमचं बीड जाईल आणि माझं नाव.”

एक स्क्रू नुसताच फिरत होता. त्याच्यावर त्यांनी खडूने खूण केली आणि त्या भागातल्या तारा उतरवल्याशिवाय त्याला हात लावणार नाही असं सांगितलं. बाकीचे आवळून झाल्यावर सूर लावले. तीन आठवड्यांनी पुन्हा आले, खूण केलेल्या भोकात लाकडी खुंटी बसवली, सूर परत लावले. मधल्या पट्ट्यांची झणझण गेली. सूर पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकतो. सगळं सुधारलं असं मात्र मी म्हणणार नाही. वरच्या सप्तकातल्या तीन-चार खुंट्या ढिल्या आहेत, तिथला सूर अजून उतरतो. तो स्क्रूचा दोष नाही, खुंट्यांच्या फळीचा आहे आणि त्याला वेगळा खर्च आहे. पियानो खिडकीजवळून हलवून आतल्या भिंतीला लावा, पावसाची हवा थेट लागू देऊ नका, असंही त्यांनी सांगितलं. ते काम आपल्याला फुकट करता येईल. चार जण लागतील, कारण वजन दोनशे किलोच्या वर आहे. कशामुळे, ते आता सांगायला नको.

सभेपुढे

तेव्हा सभासदांपुढे मुद्दा असा आहे. आपला पियानो सैल झाला होता, तडकलेला नव्हता. या दोन शब्दांत एखाद्या वस्तूचं सगळं भवितव्य असतं. सैल झालेलं आवळता येतं, फक्त वेळेवर कोणीतरी झाकण उघडून पाहावं लागतं. तडकलेल्यासाठी मग सभा घेऊनही उपयोग नसतो.

पंचवीस वर्षांच्या इमारतीत राहणाऱ्यांना हे नवं नाही. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्टचा दोर या गोष्टींकडे कोणाचं तरी लक्ष होतं म्हणून आपण इथवर आलो. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं या स्मरणिकेत नसतील. ते पाहायचे, आवळायचे आणि निघून जायचे. काही वेळा ‘एकदाचं पक्कं करून टाका’ म्हणणाऱ्यांना त्यांनी थांबवलंही आहे, आणि ते काम आवळण्याइतकंच मोलाचं होतं.

मी सभेत तीन गोष्टी सुचवणार आहे. पियानो विकू नये. तो आतल्या भिंतीला हलवावा. आणि दरवर्षी फेब्रुवारीत जाणत्या कारागिराकडून चौकटीचे स्क्रू तपासून मग सूर लावून घ्यावेत, त्याची तारखेनिशी नोंद सोसायटीच्या देखभाल रजिस्टरमध्ये ठेवावी. मधल्या काळात कोणीही, अगदी मीसुद्धा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याच्याजवळ जाऊ नये.

ठरावाचा मसुदा तयार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे.